तीन वर्षांत तीन रंगांचा मधुबाज

"यंदा मोजणीला मी जाणार! लिहून ठेव!" हेडक्लार्क गच्चीवर चहा ढवळत बायकोला म्हणाले.

पक्षीमित्र मंडळात सहा वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं, सभेला खुर्च्या मांडायचं. शिकारी पक्ष्यांच्या मोजणीला मंडळ फक्त जाणकारांना नेई. पण आता हेडक्लार्कांच्या हाती हुकमाचा एक्का आला होता. दर रविवारी सकाळी गच्चीवरून, एका डोळ्याला धूसर दिसणाऱ्या दुर्बिणीतून, ते दोन इमारतींपलीकडच्या दातांच्या दवाखान्यावर बसलेला मधुबाज बघत.

"मधुबाज गडद असतो, तांबूस असतो, फिका असतो, हे कुणीही सांगेल. पण हा एकच पक्षी तीन वर्षांत गडदाचा तांबूस आणि तांबसाचा भुरका झाला! आहे कुणाकडे अशी नोंद?"

"अहो, पण हा उडतो कधी?"

"आपण ऑफिसात असताना."

"रविवारी कुठलं ऑफिस?"

"ते त्याला काय माहीत! मान बघ कशी ऐटीत वळवतोय!"

मान वळत होती खरी. वारा आला की.

हेडक्लार्कांचा सहा पानी निबंध मंडळात गेला आणि पुढच्या रविवारी अध्यक्षीणबाई चार जाणकारांसह गच्चीवर हजर! पक्षी बुजू नये म्हणून हेडक्लार्कांनी वाळत घातलेल्या चादरीसुद्धा उतरवल्या होत्या. बाईंनी आपल्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला.

"शेपटीवर पट्टे नाहीत."

"वयानुसार पुसट होतात. पान चार!"

"पायात स्क्रू आहे."

"कुणा अभ्यासकानं कडं घातलं असेल!"

तेवढ्यात पलीकडे दवाखान्याचा कंपाउंडर शिडीवरून छतावर आला.

"अहो, हळू! उडेल ना!" हेडक्लार्क ओरडले.

कंपाउंडरनं मधुबाजाची मानगूट धरली, स्क्रू सोडवला, त्याला काखोटीला मारलं आणि जागेवर नवा, गडद तपकिरी मधुबाज बसवला.

"उन्हानं प्लास्टिक पार विटलं होतं हो!" तो तिकडून ओरडला. "कबुतरं त्याला भीक घालेनात!"

बाईंनी मोजणीची यादी काढली आणि एक नाव शांतपणे खोडलं.

"साहेब," कंपाउंडरनं पुन्हा हाक दिली, "जुना तुम्हाला हवाय का? दर रविवारी एवढं प्रेमानं बघता, म्हणून विचारलं!"

हेडक्लार्क चादरी पुन्हा वाळत घालू लागले. शेवटी बायकोच कठड्याशी गेली.

"द्या, द्या! आमच्याकडेही कबुतरं फार झालीत!"