मयेकरांची पेटी ड्यूटीवर आहे

“उघडा ती पेटी, टायमकीपर, न्हाईतर मी कुऱ्हाड आणतो.”

ओरडणारा गणपत जॉबर होता, माग खात्याचा मुकादम. गिरणीत दोनशे माग एकदम धडधडत असताना या माणसाची कुजबुज गेटापर्यंत ऐकू जायची. तेव्हा तो ओरडल्यावर लालबागच्या आमच्या चाळीत काय झालं असेल, तुम्हीच बघा. पत्र्यावरची कबुतरं उडाली ती दोन दिवस परत आली नाहीत. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आम्ही चाळीसेक माणसं उपाशीपोटी उभी होतो आणि आमच्यासमोर एका लांबरुंद लाकडी पेटीवर, गिरणीचा खाकी कोट गळ्यापर्यंत बंद करून, मयेकर टाइमकीपर बसले होते. पेटीला कुलूप होतं. किल्ली मयेकरांच्या करगोट्याला होती. तिथून ती काढून घेण्याची कुणाची छाती नव्हती.

“भोंगा झालेला नाही,” मयेकर म्हणाले. “भांडं ड्यूटीवर आहे.”

पेटीत तपेलंभर सूप होतं. साऱ्या मजल्याचं रात्रीचं जेवण.

मयेकर आमच्या शेजारच्या गिरणीत टाइमकीपर. सकाळी सातचा भोंगा संपता संपता गेट लावून घ्यायचं आणि बाहेर राहिलेल्याच्या तोंडाकडे न बघता घड्याळाकडे बघायचं, हे त्यांचं काम. सख्ख्या भावाला त्यांनी एकदा अर्ध्या मिनिटासाठी बाहेर ठेवला. भाऊ म्हणाला, “अरे, मी तुझो भाऊ.” मयेकर म्हणाले, “तो सातच्या आधी.” वय पंचेचाळीस, लग्न नाही. मुली सांगून आल्या नाहीत असं नव्हे. एक स्थळ तर पसंतही पडलं होतं. पण मुलीकडची मंडळी दहा मिनिटं उशिरा आली तेव्हा हे दाराला कडी लावून आत बसले होते, असं आई सांगायची. आई थोडं वाढवून सांगते. मी तिचाच मुलगा आहे.

तर या माणसाला सुपाचं वेड लागलं. वेडाचा उगम विलायती. गिरणीत पूर्वी एक गोरा विव्हिंग मास्तर होता. त्यानं जाता जाता मयेकरांना सांगितलं की आमच्याकडच्या गिरणकामगार बायका सकाळी भांड्याला एक उकळी देतात, गवत भरलेल्या खोक्यात ते गाडून कामावर जातात आणि संध्याकाळी येऊन गरम गरम खातात. बाकी लोकांनी गोऱ्यांकडून टाय उचलला, क्रिकेट उचललं. मयेकरांनी खोकं उचललं.

वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं. लालबागात गवत कुठलं? म्हणून स्वतःची गादी उसवली आणि तिचा कापूस खोक्यात ठासला. त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत भांडं गादीवर निजायचं आणि मालक सतरंजीवर. पहाटे पाचला शेगडी पेटायची. मसूर, मूग, दुधी, गाजर, नवलकोल, कांदा, मूठभर तांदूळ, आणि रविवारी खाटकाकडच्या चार नळ्या. वीस मिनिटं खळखळून उकळी. कामावर निघण्याआधी, पावणेसातच्या ठोक्याला भांडं खोक्यात, वर उशी, उशीवर पाटा. साडेतीनला पाळी सुटल्याचा भोंगा झाला की घरी येऊन पाटा खाली. मधे काय वाटेल ते होवो, झाकण हलायचं नाही.

“माणूस पाळी भरतो तशी भांडंही पाळी भरतं,” ते सांगायचे. “तुम्ही मागावर असताना कुणी येऊन तुमचं डोकं उघडून बघतं काय, झालं का म्हणून?”

कामावर निघताना कुणी चुकून त्यांच्याकडे गेलं तर ते दारातच अडवायचे. “हळू बोला, ड्यूटीवर आहे.” रविवारी भोंगा नसतो म्हणून भांड्यालाही सुट्टी असायची आणि नळ्या चक्क चुलीवर शिजायच्या. सोमवारी भांड्याची हजेरी पुन्हा सुरू.

चवीबद्दल बोलायचं तर मी दोनदा प्यायलो. पहिल्यांदा ताप होता म्हणून चव कळली नाही, दुसऱ्यांदा कळली म्हणून तिसऱ्यांदा प्यायलो नाही. मसुराचा मसूरपणा आणि दुध्याचा दुधीपणा दोन्ही आठ तासांत राजीनामा देऊन गेलेले असायचे. वर फोडणी नाही, तिखट नाही. चाळ त्याला काढा म्हणायची. मयेकर ‘सूप’ म्हणायचे आणि ओठांचा चंबू असा करायचे, जणू गोरा मास्तर पलीकडून ऐकतोय.

नुसतं स्वतः पिऊन थांबले असते तर त्यांना कोण विचारतं. पण त्यांना प्रचार करायचा होता. चाळीतल्या ज्या बायका गिरणीत जायच्या त्यांच्या दारात उभं राहून ते भाषण द्यायचे. “आठ तास उभं राहून यायचं आणि आल्या आल्या पुन्हा चुलीपुढे बसायचं? बाई आहात की इंजिन?” बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या आणि ते गेल्यावर हसायच्या. नवरे हसायचे नाहीत. नवऱ्यांना त्यात काहीतरी धोका दिसत होता.

पहिलं भाषण त्यांनी दिलं ते सगुणाबाईच्या दारात. ती त्यांच्या शेजारच्या खोलीत एकटी राहायची. नवरा वारल्यावर वाइंडिंग खात्यात लागली होती. दिवसभर उभ्यानं सुताची रिळं भरायची. मयेकरांचं सगळं भाषण तिनं हातात बादली धरून ऐकलं आणि म्हणाली, “माका भाकरी नि कांदो पुरे.” दार लागलं. दुसऱ्या दिवसापासून पावणेचारच्या ठोक्याला तिच्या उंबऱ्यावर झाकलेला वाडगा दिसू लागला. “नमुना आहे,” मयेकर साऱ्या गॅलरीला ऐकू जाईल असं म्हणायचे. “प्रचाराचा भाग.” वाडगा धुऊन परत यायचा. त्यावर दोघं काही बोलल्याचं कुणी ऐकलं नाही. मधे पाणी आलं का, गेलं का, एवढंच.

आता त्या दिवसाकडे येतो.

मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं वर ठरत होतं आणि खाली गिरणगाव पेटलं होतं. रोज सभा, रोज मोर्चा, अश्रुधुराचा वास तर आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांनाही यायचा. त्या दिवशी कडकडीत हरताळ होता. गिरण्या बंद, आणि फोर्टात मोर्चा. आदल्या संध्याकाळी चाळीतल्या बायकांनी जाहीर केलं की आम्हीही येणार. गणपत जॉबर म्हणाला, “मग जेवणाचं काय?” महाराष्ट्रासाठी प्राण द्यायला निघालेल्या माणसाला भाकरीची काळजी वाटावी यात मला नवल वाटलं नाही. मीही तेच विचारणार होतो.

तेव्हा मयेकर पुढे झाले. त्यांच्या आयुष्यातला तो क्षण होता. “मजल्याचं जेवण माझ्याकडे,” म्हणाले. “चुली पेटवू नका. निवांत जा.”

चहाचं खोकं पुरणार नव्हतं. भजनी मंडळाची मोठी पेटी त्यांनी रिकामी केली. मृदंग आणि टाळ आमच्या पलंगाखाली आले. गणेशोत्सवातलं तपेलं आणलं. पेटीत ठासायला दर खोलीतून एक गोधडी. आईनं माझी दिली. सकाळी सातला ते तपेलं चौघांनी उचलून आत ठेवलं, वर गोधड्यांचे थर, कुलूप. मोर्चा निघाला. मयेकर पेटीपाशी राहिले.

“सारा महाराष्ट्र रस्त्यावर उतरलाय आणि हा सूप राखत बसलाय,” गणपत जिन्यावरून म्हणाला. आम्ही सगळे हसलो. सगुणाबाई सर्वांत पुढे होती. ती हसली की नाही ते मला दिसलं नाही.

मोर्चात मी गेलो. अगदी भायखळ्याच्या पुलापर्यंत गेलो. तिथे अश्रुधुराची पहिली नळकांडी फुटली आणि मला आठवलं की आई घरी एकटी आहे. आई मोर्चात होती हे घरी आल्यावर लक्षात आलं.

दुपारनंतर माणसं परतू लागली. फोर्टात गोळीबार झाला म्हणत होते. कुणाचा शर्ट फाटलेला, कुणाचे डोळे सुजलेले. आई आली, गणपत आला, एकेक करून चाळ भरली. साडेतीन वाजून गेले, चार झाले, पाच झाले. मुलं रडायला लागली. चुली थंड, वाणी बंद, आणि सूप कुलपात.

“भोंगा झालेला नाही,” मयेकर म्हणाले.

“आवो, हरताळ हाय. भोंगा कुठनं होणार?” गणपत म्हणाला. “झाला तर आपलंच नाक कापलं जाईल.”

“म्हणून तर म्हणतो. झालेला नाही.”

“म्हणजे गिरण्या चालू होईस्तवर आम्ही जेवायचंच न्हाई?”

“तसं मी म्हटलेलं नाही. भोंगा झाला की उघडतो.”

मी मागच्या गॅलरीत गेलो, तोंडाभोवती हात धरले आणि पोटातून, म्हणजे रिकाम्या पोटातून, असा काही भोंगा काढला की परळपर्यंतची कुत्री विव्हळली. मयेकरांनी मान तिरकी करून ऐकून घेतलं. “हा आपल्या गिरणीचा नाही.” मग कुणीतरी देवघरातला शंख आणला. मयेकर म्हणाले, “गिरणीत शंख नसतो.”

चाळीला हसू यायचं बंद झालं. आई म्हणाली, “मयेकरांनू, पोरांकडे तरी बघा.” त्यांनी पोरांकडे बघितलं नाही. ते उठले आणि कठड्याशी गेले. “वेळ बघून येतो,” म्हणाले. घड्याळ त्यांच्या खोलीत भिंतीवर होतं आणि हा माणूस वेळ बघायला रस्त्याकडे बघत होता. दर पाच मिनिटांनी हाच प्रकार. चक्रमपणाला धरबंध नसतो, असं मी तेव्हा शेजारच्याला म्हणालो. ते शब्द मला अजून पाठ आहेत, याचा मला आनंद नाही.

गणपतनं खरोखरच कुऱ्हाड आणली. लाकडं फोडायची, बोथट. मयेकर पेटीवर आडवे झाले. हो, आडवे. खाकी कोटासकट. “आधी माका फोड,” म्हणाले. ऑफिसातली मराठी गळून पडली होती आणि आवाज चिरका झाला होता. गणपत थांबला. एवढ्याशा काढ्यासाठी माणूस इतका पांढरा पडतो हे त्यानं कधी पाहिलं नसावं. मीही पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला सगुणाबाई जिना चढून आली.

एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, टाचेला रक्त. पदर चिखलानं भरलेला. सरळ रस्ते पोलिसांनी अडवले होते म्हणून गल्लीबोळातून, भिंतींच्या कडेनं चालत आली होती.

मयेकर पेटीवरून उतरले. “इलंस?” म्हणाले. इतक्या वर्षांत ‘अहो-जाहो’ सोडून त्यांनी तिला दुसरं काही म्हटलेलं नव्हतं. “चप्पल खंय गेली?”

“फाउंटनला.”

एवढंच. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, किल्ली काढली, कुलूप उघडलं. माझी गोधडी बाहेर पडली, मग सगळ्यांच्या. तपेल्यावरचं झाकण उचललं तशी वाफ वर आली. बारा तासांनंतरही. भोंग्याचं नाव कुणी काढलं नाही. गणपतनं कुऱ्हाड हळूच दारामागे ठेवली आणि वाटी पुढे केली. पहिला वाडगा कुणाला गेला ते सांगायला नको. चव नेहमीसारखीच होती, म्हणजे नव्हती, पण मी तीनदा घेतलं. आणि एकदाही मान वर करून मयेकरांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संचारबंदी होती. आई सगुणाबाईच्या टाचेला हळद लावत बसली होती, मी दारात होतो. आई तिला रागे भरत होती. “एवढी गोळी चालली, अंधार पडत होता. गिरगावात तुझी नणंद राहता. तिच्याकडे रात्रीची ऱ्हवली असतंस तर काय बिघडला असता? हो पाय घेवन कशाक चालत इलंस?”

सगुणाबाईनं पाय जरा सरळ केला.

“मी इल्याशिवाय त्येनी पेटी उघडली नसती,” ती म्हणाली.