शून्य मोटवानी काकांच्या दारात

भोईर सर जिना उलटा चढतात. तोंड खाली पार्किंगकडे, पाठ गच्चीकडे, एक हात कठड्यावर आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. कात्रपच्या या बिल्डिंगमध्ये मी राहायला आले त्याच संध्याकाळी मला हे दर्शन घडलं. टेम्पोवाले माझा फ्रीज वर चढवत होते आणि त्यांच्यापुढे एक पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ त्यांच्याकडे बघत मागे मागे वर सरकत होता. टेम्पोवाल्यांना वाटलं हाच मालक. सरांनीही न विचारता "डावीकडे घे, आणखी थोडा, हां, आता कसा जमला!" अशा सूचना सुरू केल्या. मी आडवी गेले म्हणून, नाहीतर फ्रीज त्यांच्याच घरात शिरला असता.

सर मूळचे पालेगावचे. इथल्याच एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवतात. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगी लग्न होऊन बंगळूरला. तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या दारात एकटेच राहतात. निदान तसं म्हणायचं, कारण माणूस स्वतःच्या घरात असतो कधी? वर्गात जे काही करायचं त्याची रंगीत तालीम आधी शेजाऱ्यांवर होते.

एका रविवारी मी इडल्या लावल्या होत्या आणि सर दोऱ्याचं रीळ घेऊन हजर.

"वैनी, घरातली सगळी गोल भांडी काढा."

"का हो?"

"तोंडाने नको. हाताने सांगतो."

हे त्यांचं पालुपद. वर्गात पोरांना "तोंडाने नको, पायाने सांग," शेजाऱ्यांना "तोंडाने नको, हाताने सांगतो." मग ताट, वाटी, पिठाचा डबा, सगळ्यांना दोरा गुंडाळून झाला. गुंडाळलेला दोरा सरळ करून त्याच भांड्यावर मधोमध आडवा धरायचा आणि किती वेळा बसतो ते बघायचं. प्रत्येक भांड्यावर तीनदा बसून वर थोडासा उरतो. वाटी घ्या नाहीतर परात घ्या, तेच! आमचे हे तर येडेच झाले, बाथरूममधली बादली घेऊन आले. मी म्हटलं, अहो, इडल्या! तोवर पातेल्यातलं पाणी आटून तळ करपला होता. सरांनी करपलेलं पातेलं उचललं आणि त्यालाही दोरा लावला.

आता असा माणूस वर्गात काय धुमाकूळ घालत असेल! पालकांची तक्रार कायम एकच, पोरांच्या वह्या कोऱ्या. पण तीच पोरं रस्त्यात सरांना बघून पळून जायच्याऐवजी धावत येतात, हे मी स्वतः पाहिलंय.

तर, जिना. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. पार्किंगमधून थोड्या पायऱ्या चढल्या की पहिला सपाट कट्टा लागतो आणि तिथे मोटवानी काकांचं दार. सरांनी त्या कट्ट्यावर खडूने शून्य काढलं. वरच्या पायऱ्यांवर एक, दोन, तीन. खाली पार्किंगकडे वजा एक, वजा दोन. शनिवारी शाळा सुटली की सहावीची पोरं इथे यायची आणि गणितं चालून सोडवायची. शाळेचा जिना म्हणे सुट्टीनंतर दुसऱ्या पाळीच्या पोरांनी भरलेला असतो.

मोटवानी काकांचं उल्हासनगरला कापडाचं दुकान. आयुष्य धंद्यात गेलेला माणूस आणि त्याच्या उंबऱ्याशी कोणी शून्य काढून ठेवलंय! काका दर रविवारी सकाळी ते ओल्या फडक्याने पुसायचे, सर शनिवारी परत काढायचे. शेवटी काका माझ्याकडे आले. मी नवीन, म्हणून सगळ्यांनी मिळून मला सेक्रेटरी केलं होतं.

"मॅडम, ये बंद करो. बच्चे लोक दारात ओरडतात, मायनस चार, मायनस चार! मला वाटतं मार्केट पडला. आणि माझ्याच दरवाज्यात ज़ीरो? धंदा बैठ जाएगा साईं!"

मी सरांना सांगितलं, मीटिंगमध्ये सगळे नाही म्हणाले तर शनिवारचं बंद करावं लागेल. त्यांनी बोटांतला खडू खिशात ठेवला. मग म्हणाले, "वैनी, वजाची वजाबाकी फळ्यावर नाय कळत. पोरं नुसतं पाठ करतात आणि मग जन्मभर गणिताला घाबरतात. मला दुसरा काय नको, हा जिना राहू द्या." त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच कसंतरी झालं.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. काकांनी तक्रार मांडली. सर उभे राहिले, खिशातून खडू काढला. "तोंडाने नको. कोणीतरी पुढे या." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवीन माणसाला सेक्रेटरी कशाला करतात ते तेव्हा मला नीट समजलं.

"तीनच्या पायरीवर उभ्या राहा. तीनमधून वजा दोन वजा करायचे."

"वजाच करायचे म्हणजे कमी होणार. एक!"

"तोंडाने नको, वैनी! दोनच्या आधी वजाचं चिन्ह आहे, म्हणून तोंड पार्किंगकडे. आणि वजाबाकी आहे, म्हणून चालायचं मागे. दोन पावलं."

कठडा धरून मी मागच्या मागे एक पायरी गेले, मग दुसरी. खाली बघते तर पायाखाली पाच! अहो, ज्या एका गोष्टीने शाळेत मला रडवलं, बाईंनी "नियम आहे, पाठ करा" म्हणून जी गळ्याखाली उतरवली, ती मी गुडघेदुखीसकट चालून आले होते. मी ओरडलेच, "पाच! अहो, पाच आले!" आमच्या ह्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता कसा जमला!" सर म्हणाले.

काका मात्र हटेनात. "सब ठीक आहे, पण ज़ीरो मेरे दरवाजे पे नको."

"काका," सर म्हणाले, "शून्य ठरल्याशिवाय कोण वर आणि कोण खाली ते कसं सांगायचं? सगळी मोजणी तुमच्या दारातनं सुरू होते."

काका थांबले. "म्हणजे सबका हिसाब माझ्यापासून स्टार्ट?"

"तुमच्यापासूनच."

काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि परवानगी एकमताने मंजूर झाली.

सर खुशीत वर गेले, अर्थातच उलटे. मी खुर्च्या गोळा करत म्हटलं, "काका, डोकं बघा ना माणसाचं! हा खेळ कुठल्या पुस्तकातून काढला असेल?"

काका खुर्ची घडी करता करता थांबले. "किताब नहीं मॅडम. भाभी बीमार होती ना, तिला साँस चढायची. एक एक पायरी यायची. सर तिच्या पुढे, असे उलटे, तिच्याकडे तोंड करून चढायचे. हात पकडून. गप्पा मारत, हसवत. एक दिन इथेच, माझ्या दारात बोलले, सुनंदा, बघ, मी चाललोय मागे आणि पोचतोय वर. दोघं किती हसले! मी दारातच बसतो, सब बघतो."

"हे माहीत असून तुम्ही तक्रार केलीत?"

"अरे, ज़ीरो की बात अलग आहे!" असं म्हणून काकांनी डोळे पुसले.

इतके दिवस मी त्या उलट्या चालण्याची आमच्या ह्यांना नक्कल करून दाखवत होते.

त्याच संध्याकाळी मी दूध घेऊन येत होते. सर माझ्यापुढे भाजीची पिशवी घेऊन चढत होते, तोंड खाली, नजर रिकाम्या पायऱ्यांवर. मी खालून हाक मारली, "सर, थांबा, मी पण येतेय!"

ते थांबले. मी पोचल्यावर माझ्यापुढे एक पायरी राखून चढू लागले आणि पुढच्या शनिवारी अपूर्णांकांसाठी भाकऱ्या कोण थापून देईल याची चौकशी करू लागले. मी म्हटलं, थापीन की मी, फक्त पीठ तुमचं. ते मोठ्याने हसले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सर बोलता बोलता थांबले, कठड्याला टेकले आणि म्हणाले, "घाई नाय. सावकाश."

मला दम लागला नव्हता. मीही थांबले.