दादा आधी नाव घेतो

माझा मोठा भाऊ देवाशीसुद्धा आधी नाव घेऊन बोलतो. "मारोतीराया, तुमालेच बोलून रायलो, पुजाऱ्याले नाई."

त्याचे डोळे जन्मापासून तिरळे. एक समोर, दुसरा नाकाकडे. चांदूर बाजारात तो भाजी घेऊन बसला, की विचारायचा एकीला आणि उत्तर द्यायच्या दोघी. म्हणून त्यानं ही युक्ती काढली. "शांताबाई, वांगे घ्या. कमलाबाई, तुमी नका घेऊ, कालचे सरले नसन." म्हशीला नावानं हाक, कुत्र्याला नावानं. खोलीत आम्ही दोघंच असलो तरी "बाळ्या, जेवला का?" दुसरं कोण आहे इथं, असं विचारलं की म्हणायचा, "बाळ्या, सवय हाय."

वहिनीचं नाव मात्र त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. तो नुसता बघायचा, पार भलतीकडेच, आणि ती बरोबर उठायची, त्याला हवं ते घेऊन यायची. मला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस, लाजत असेल.

माझ्या मुलीचं लग्न अकोल्याला जमलं, तेव्हा मी त्याला डोळ्यांचं ऑपरेशन करून घे म्हणालो. तुझ्याच भल्यासाठी, असंही म्हणालो. ते खोटं होतं. व्याह्यांपुढे मला त्याच्या डोळ्यांची लाज वाटत होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. त्याला तेव्हाच कळलं होतं. वांगी पुसता पुसता तो म्हणाला, "बाळ्या, तुले लाज वाटत असन तं घेतो करून."

डोळे सरळ झाले. सगळे खूश, वहिनी तेवढी गप्प. साखरपुड्याच्या सकाळी मी तिला कारण विचारलं.

"भाऊजी, पयले हे कोनाकडे पाहून रायले, ते फकस्त मलेच समजे," ती म्हणाली. "आता साऱ्या गावाले समजते."



हॉलमध्ये दादा व्याह्यांशेजारी ताठ बसला होता. "व्याहीबुवा, पोहे घ्या," सवयीनं चालूच होतं. वहिनी समोर, बायकांत. बोलता बोलता त्यानं आपले नवे, सरळ डोळे तिच्यापासून हातभर बाजूला नेले, पाण्याच्या कॅनवर, आणि तिथंच ठेवले.

व्याह्यांनी लगबगीनं पाण्याचा ग्लास मागवून त्याच्या हातात दिला.

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मग उठली आणि चहा घेऊन आली. दादानं ग्लास खाली ठेवला, कप घेतला.