चिटणिसांचे सार्वजनिक सभागृह

मुक्त नकाशा मंडळाची वार्षिक सभा यंदा चिटणिसांच्या घरी भरली, कारण वाचनालयाने ऐन वेळी खोली नाकारली. चिटणिसांची बायको परिचारिका. ती रात्रपाळी करून नुकतीच आली होती आणि संध्याकाळी तिला पुन्हा ड्यूटीवर जायचे होते. "तासाभरात आटपा. मला झोप हवीय," एवढे बजावून तिने आतल्या खोलीचे दार लावून घेतले.

सभासदांना घर सापडावे म्हणून चिटणिसांनी मंडळाच्या नकाशावर आपल्या घरावर 'सार्वजनिक सभागृह' अशी खूण केली होती. फक्त सभेपुरती. पण हा नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो, आणि दुरुस्ती न करता स्वस्थ बसेल असा माणूस या मंडळात औषधालाही नाही. अहवालवाचन चालू असताना निवृत्त सर्वेक्षकांनी मोबाइलवर भर घातली: शौचालय आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जोडले: पिण्याचे पाणी, मोफत. माना खाली घातलेल्या पाहून चिटणिसांना वाटले, मंडळी टिपणे घेताहेत. त्यांना फार बरे वाटले.

इतक्यात मोबाइलवरचा नकाशा पाहत एक टॅक्सीवाला आत आला. "शौचालय कुठंय?"

त्याच्या चेहऱ्यावरची निकड पाहून चिटणिसांनी बोट दाखवले. उपकाराची जाण ठेवून त्याने बाहेर गेल्यावर सगळ्या टॅक्सीस्टँडला सांगितले. पाठोपाठ व्यायामवर्गाच्या बाई आपल्या शिष्यिणींसह हजर झाल्या. "तुमचं आटपलं की आम्ही सतरंज्या पसरतो. सावकाश होऊ द्या हं."

"अहो," आतून आवाज आला, "बाथरूममध्ये कोण गातंय?"

चिटणीस सर्वेक्षकांकडे वळले. "ती खूण काढा आधी!"

"अशी कशी काढू?" सर्वेक्षक म्हणाले. "जागेवर पाहणी केल्याशिवाय नोंद काढायची नाही, हा आपलाच नियम."

"मग करा ना पाहणी!"

सर्वेक्षकांनी चपला घातल्या, ते बाहेर गेले आणि पुन्हा आत आले. "शौचालय वापरात. पाण्याला रांग. खुर्च्या भरलेल्या. नोंद बिनचूक आहे."

टाळ्या पडल्या. नोंद कायम ठेवण्याचा ठराव मंजूर झाला आणि तो चिटणिसांनाच लिहून घ्यावा लागला.

तेवढ्यात आतले दार उघडले. बायको अजिबात ओरडली नाही, आणि चिटणिसांनी ठरावाचा कागद पाठीमागे लपवला तो त्यामुळेच.

"जागेवर दिसेल तेच नोंदवता ना?" तिने सर्वेक्षकांना विचारले.

"तेवढंच."

तिने बाथरूमला कुलूप लावले, पाण्याचे पिंप आत ओढले आणि भेटीची वेळ संपल्यावर वॉर्ड रिकामा करायचा आपला आवाज काढला. "चला, चला, चला." त्या आवाजापुढे टॅक्सीवाले, व्यायामवाल्या आणि सभासद खुर्च्यांसकट फुटपाथवर आले. शेवटची खुर्ची खुद्द चिटणिसांनी बाहेर आणली. मागे कडी लागली.

सर्वेक्षकांनी खिडकीवर हलकेच टकटक केले. "वहिनी, फेरपाहणी. शौचालय?"

"नाही."

"पाणी?"

"नाही."

"मग हे काय म्हणून नोंदवू?"

"घर."

"राहणारी माणसं किती?"

चिटणीस खुर्ची खाली ठेवून लगबगीने खिडकीशी गेले.

"एक," आतून उत्तर आले.

सर्वेक्षकांनी चिटणिसांकडे पाहिले, त्यांच्या पायाखालच्या फुटपाथकडे पाहिले, आणि एक लिहिले.