याकूबचाचांचं न खाल्लेलं मटण

गेला पावसाळाभर नारपोलीतल्या आमच्या गल्लीत सकाळी दूध आणायला निघालेल्या प्रत्येक माणसाला याकूबचाचा अडवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे.

"मी शुक्रवारी मटण खाल्लं नाय. मग ते गेलं कुठं?"

नव्या माणसाला वाटायचं, यांचा डबा चोरीला गेलाय. एका कुरियरवाल्यानं तर घाबरून सांगून टाकलं, की आपण फक्त पार्सल घेऊन आलोय, मटणाला हात लावलेला नाही.

चाचा सत्तरीला टेकलेत. चाळीस वर्षं कापड विणायचे लूम दुरुस्त करण्यात गेली. कारखान्यात सगळे लूम खडखडत असताना नेमका कुठला बिघडलाय हे ते दारात उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगत. त्या खडखडाटानं कान निम्मे गेले, आवाज मात्र दुप्पट झाला. समोरच्याचं बोलणं पटलं नाही की हात वर करून म्हणतात, "थांब. इथं धागा तुटला." मग तुटलेल्या ठिकाणापासून सगळं पुन्हा सांगावं लागतं.

जुबेदाचाची दोन वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती मुलगी लग्न होऊन रत्नागिरीला. तेव्हापासून चाचा आमच्या खालच्या खोलीत एकटेच राहतात आणि स्वतः रांधतात. शुक्रवारी दुपारी खालून मसाला परतल्याचा वास आला की माझी बायको भाजी चिरायची थांबायची. तासाभरात चाचांचा डबा वर येणार हे ठरलेलं होतं. आणि तो यायचाच.

तो डबा बंद पडला माझ्या मुलीमुळे.

सायली नववीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला विषय आला होता, मांस कमी खाल्लं तर जगातली भूक कमी होईल का. ती जिन्यात उभी राहून मोठ्यानं पाठ करत होती. माणसाला खाता येईल असं किती तरी धान्य आपण जनावरांना घालतो, मग ती जनावरं खातो. मांस थोडं कमी केलं तर ते धान्य भुकेल्यांच्या पोटात जाईल. खाली चाचा कांदा कापत होते. अर्धवट ऐकू येणाऱ्या माणसाला हे मात्र नीट ऐकू आलं. सुरी हातात तशीच ठेवून ते वर आले आणि त्यांनी तिला सगळं भाषण पुन्हा म्हणायला लावलं. मध्ये एकदाही धागा तुटला नाही.

त्या शुक्रवारपासून चाचांनी मटण सोडलं. कोंबडीही सोडली. आणि निकालाची वाट बघू लागले.

दोन आठवडे झाले तरी काही घडेना. तेव्हा ते मटणवाल्या सलीमकडे गेले आणि माझ्या वाटणीचं मटण कुणाला दिलंस, असं विचारलं. सलीम आधीच दुखावलेला होता. चाचांनी दुकान बदललं असाच त्याचा समज झाला होता. त्यानं तुटकपणे सांगितलं, की नाक्यावरचा बिर्याणीवाला हल्ली जास्त माल उचलतो. चाचा विचार करत परत आले. आपण सोडलं ते भुकेल्याला न जाता बिर्याणी खाणाऱ्याच्या पोटात गेलं, हे त्यांना काही केल्या पटेना. सायलीनं समजावलं, की एकट्यानं सोडून भागत नाही, खूप जणांनी थोडं थोडं कमी करायला हवं.

मग चाचा सकाळी दुधाला जाता जाता माणसं जमवायला निघाले. पहिला सापडला समोरच्या कारखान्यातला तिवारी. तो शिफ्ट संपवून खाटेवर नुकता आडवा झाला होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, की चाचा, मी जन्मापासून शाकाहारी, माझा बाप शाकाहारी, त्याचा बाप शाकाहारी. "फिर भी हमारे गाँव में लोग भूखे क्यों सोते हैं?"

चाचा त्या दिवशी दूध न घेताच घरी आले.

मलाही आता नीट झोप लागेना. त्याचं कारण असं, की मी राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर आहे आणि आमच्याकडे मका आणि सोयाबीनची पेंड येते. सगळा माल कोंबड्यांच्या खाद्यासाठी. इतकी वर्षं माझ्या लेखी ती नुसती पोती होती. आता पोत्यांकडे बघितलं की वाटायचं, ही कुणाची तरी भाकरी आहे का. मक्याची भाकरी मला आवडत नाही, पण तो मुद्दा वेगळा.

चाचांना हे बोलून बसलो. दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवर माझ्या मागे.

छपरापर्यंत रचलेली पोती त्यांनी मान वर करून बघितली. एका पोत्याच्या भोकातून दोन दाणे काढून त्यांनी दाताखाली धरले. मग हे सगळं कोंबड्या खाणार का, असं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो.

तिथं जानकी झाडत होती. जानकी वज्रेश्वरीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहते. पाऊस संपला की गोदामात रोजानं येते, बाकी वेळ स्वतःच्या टीचभर शेतात. चाचांनी तिलाच गाठलं आणि त्यांच्या आवाजात, म्हणजे सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं, विचारलं की मांस कमी खाल्लं तर भूक कमी होईल का.

जानकीनं झाडू थांबवला. "कमी खाल्लं तं भूक वाढंल, चाचा. कमी कशी व्हईल?"

हमाल हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी तिला जमिनीवर बसवलं, स्वतः पोत्यावर बसले आणि शेळी, धान्य, माणूस असं सगळं समजावलं. तिनं मन लावून ऐकलं आणि सांगितलं, की तिच्याकडे शेळी आहे, पण ती दाणा खात नाही, डोंगरातला पाला खाते.

"पाला मी खाऊ का?" ती म्हणाली. "शेळी खाते, मंग ती इकून मी तांदूळ घेते."

"थांब," चाचा म्हणाले. "इथं धागा तुटला."

पण या वेळी पुन्हा कुठून सुरू करायचं हे त्यांनाही सांगता येईना. पोतीच्या पोती मका इथं आहे, गोदाम झाडणारी बाई मका विकत घेऊ शकत नाही, आणि तिची शेळी मक्याला तोंडही लावत नाही. यात आपल्या शुक्रवारच्या मटणाची जागा कुठली, हे त्यांनी मला परतीच्या वाटेवर चार वेळा विचारलं. सायलीला विचारलं तर ती म्हणाली, पाला खाणारी शेळी वेगळी आणि मका खाणारी कोंबडी वेगळी, पण हे भाषणात बसत नाही, वेळ पाचच मिनिटं असतो.

शेवटी चाचांनीच तोड काढली. आपण न खाल्लेलं आपोआप कुठं जात नसेल, तर आपण ते स्वतः नेऊन पोचवायचं. त्यांनी तांदळाचं पोतं घेतलं आणि एका रविवारी माझ्या स्कूटरवर, माझ्या पायांशी ते पोतं ठेवून, आम्ही जानकीच्या पाड्यावर गेलो. शेवटची चढण चाचा धापा टाकत चालले, पण पोत्याचं एक टोक त्यांनी सोडलं नाही.

जानकीनं तांदूळ ठेवून घेतला आणि आम्हाला खाटेवर बसवलं. मग ती मागच्या अंगणात गेली आणि काखेत कोंबडी घेऊन आली. घरात तेवढी एकच होती. अंडी देणारी.

"आमच्या हातचं कापलेलं तुमाला चालत न्हाय, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "सुरी घासून ठेवलीय. तुमीच कापा."

कोंबडी चाचांच्या हातात आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी डोंगराकडे बघितलं. चाचा पुटपुटले, की डॉक्टरनं मना केलंय. इतक्या हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. जानकीचा चेहरा पडला. कोपऱ्यात बसलेली तिची सासू मान वर न करता म्हणाली, "गरिबाघरचं नसल चालत."

चाचा उठले. कोंबडी घेऊन घरामागे गेले. बिस्मिल्ला म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, मला अंगणात ऐकू आला.

एक कोंबडी, आणि खाणारी आम्ही दोघं धरून सहा माणसं. पातेलंभर रस्सा झाला. जानकीनं वाढलं तेव्हा मी ताटं बघत होतो. सासूला एक तुकडा, जानकीच्या दोन मुलींना एकेक, जानकीच्या स्वतःच्या ताटात नुसता रस्सा. तंगडी चाचांच्या ताटात. दुसरी माझ्या. चार महिन्यांनी चाचा मांस खात होते. जेवताना त्यांचं लक्ष सारखं जानकीच्या ताटाकडे जात होतं आणि ती सारखी त्यांच्या ताटात वाढत होती. ते नको म्हणाले नाहीत. मला त्यांचा थोडा रागच आला.

जेवून आम्ही परत निघालो. वज्रेश्वरी मागे पडली. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्कूटर हळू घे म्हणाले.

"दिलीप, तिथं मी नको म्हणायला पाहिजे होतं, ना?"

खरं तर तेच माझ्या मनात होतं.

"ती म्हणाली, बाबा, अजून घ्या." त्यांचा हात माझ्या खांद्यावरच होता. "जुबेदा गेल्यापासून मला कुणी अजून घ्या म्हटलं नव्हतं. मला नको म्हणताच आलं नाय रे."

दोन वर्षं दर शुक्रवारी त्यांचा डबा वर यायचा. रिकामा डबा धुऊन, कधी त्यात दोन लाडू घालून, आम्ही तो खाली पाठवायचो. एका जिन्याचं अंतर. चाचांना वर जेवायला बोलवावं, हे आम्हाला कधी सुचलं नव्हतं.

मी स्कूटर कडेला घेतली आणि घरी फोन लावला. आज संध्याकाळी चाचा आपल्याकडे जेवतील, असं बायकोला सांगितलं. काय करू, तिनं विचारलं. मटण की साधं?

मी मागे वळून चाचांना विचारलं. त्यांनी खूप विचार केला. मग म्हणाले, "मला आता काहीच समजत नाय. तिला म्हणावं, जे असेल ते थोडं जास्त कर."