बाळाप्पांचं विरजण

बाळाप्पा भेटले की "बरं हाय न्हवं?" असं कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, "हागलं का?" संकेश्वरला एका लग्नाच्या भर पंगतीत त्यांनी मला हे विचारलं, तेव्हा शेजारची विहीणबाई ताट सोडून उठायच्या बेतात होती. चौकशी माझ्या वासराची आहे, हे तिला कोण सांगणार!

निपाणीजवळच्या आमच्या गल्लीत कुणाची गाय व्याली की थोड्याच दिवसांत बाळाप्पा ताकाचं मडकं घेऊन हजर. ताकात ओवा, सुंठ, हळद कुटून घालायचे, आधी स्वतः घोटभर प्यायचे, तोंड वेडंवाकडं करायचे आणि म्हणायचे, "झकास! पाजा आता ह्येला." वासरांची पोटं सुधारायची, हे खरं. पण माणसानं विरजणाला चमचाभर ताक मागितलं की म्हातारा अंगावरच यायचा. "वासरांचं हाय त्ये!" लई चिकट माणूस, असं सगळी गल्ली म्हणायची. मीही म्हणायची.

आणीबाणी उठली त्या वर्षी आमची कालवड कपिली हगवणीनं आडवी पडली. बाळाप्पा चार दिवस सकाळ-संध्याकाळ आले. कपिली उठली. आणि मी काय केलं? ओवा घालायच्या आधीच वाटीभर ताक लपवलं आणि त्याचं दही लावलं. काय दही, बाई! मग रोज त्यातलंच विरजण.

पुढं एकदा शेजारची गाय व्याली, आठवडा झाला तरी बाळाप्पा येईनात. मीच बघायला गेले. मांजरानं विरजणाचं मडकं फोडलेलं, आणि म्हातारा खापऱ्या मांडीवर घेऊन बसलेला.

"आप्पा, दह्याचं काय एवढं? दुसरं लावूया की."

"तिनं लावल्यालं हुतं गं," ते म्हणाले. तिनं म्हणजे गंगाक्कानं, त्यांच्या बायकोनं. "आमाला पोर न्हाय. गल्लीतल्या वासरांस्नीच पाजायची ती. ती गेली, पर तिचं विरजण म्या बारा वर्सं मोडू दिलं न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळत घरी गेले, दह्याचं भांडं आणून त्यांच्यापुढं ठेवलं. "आप्पा, मी चोरटी हाय. कपिलीला आणलेल्या तुमच्या ताकाचंच हाय हे. रोज लावतीया."

आता शिव्या बसणार, म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी बोटभर दही चाटलं. तोंड मात्र या वेळी वाकडं झालं नाही.

"व्हय. तिचंच."

बराच वेळ धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसले. मग निम्मं दही वाटीत काढून घेतलं आणि भांडं माझ्याकडं सरकवलं.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंबी. दोन घरांत असलं म्हंजे मांजराचं भ्या न्हाय."

मी उंबऱ्यापर्यंत आले, तर मागून हाक आली, "आन् कपिली हागली का गं?"

"हागली, आप्पा," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.