एवढं नॉर्मल बरं नव्हे

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा बेकरीतल्या भट्टीवाल्याच्या आईने कंबर कसली आणि मुलाला-सुनेला एका चकचकीत दवाखान्यात धाडलं. भट्टीवाला म्हणजे गरीब गाय. रात्रभर पाव भाजायचा, सकाळी घरी येऊन आडवा व्हायचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. ती सकाळी कामाला निघायची तेव्हा हा घरी येत असायचा, आणि कोपऱ्यावर दोघांची गाठ पडायची. 'डबा खाल्ला का', 'दूध झाकून ठेवलंय', एवढं बोलणं व्हायचं आणि दोघं आपापल्या वाटेने जायची. ती संध्याकाळी परते तोवर हा भट्टीवर गेलेला असायचा.

पहिल्या तपासण्या झाल्या. शरमेने लाल झालेले भट्टीवाल्याचे कान निवतात न निवतात तोच निकालही आले. दोघांचंही सगळं उत्तम. भट्टीवाला उठायला लागला, तसं डॉक्टरांनी त्याला खुणेनेच खाली बसवलं.

"सगळं नॉर्मल आहे," ते चष्मा पुसत म्हणाले, "आणि तेच मला आवडलेलं नाही. एवढं नॉर्मल सहसा नसतं."

मग मुळाशी जायचं ठरलं. रक्त पुन्हा काढलं, तर भट्टीवाल्याची साखर वाढलेली निघाली. ती वाढणारच होती; आदल्या रात्री केकची मोठी मागणी होती आणि क्रीम चाखून बघायचं काम त्याच्याकडे होतं. पण 'रात्री काय खाल्लं' हे कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याला उपाशीपोटी बोलावलं. रात्रभर भट्टीपुढे उभा राहिलेला उपाशी माणूस तो. वजनकाट्यावर चढला आणि चक्कर येऊन नर्सबाईंच्या अंगावर कलंडला. चक्कर आली म्हणजे हृदय बघायला हवं. हृदयासाठी त्याला मऊ गादीवर झोपवलं, छातीला वायरी लावल्या, आणि मशीन सुरू व्हायच्या आत तो घोरायला लागला. हलवून उठवला, कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

"भरदिवसा ही अशी झोप?" डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

झालं, झोपेची तपासणी आली. त्यासाठी एक रात्र दवाखान्यात काढायची होती. भट्टीवाल्याने मालकाकडून रजा घेतली, डोक्याला वायरी लावून घेतल्या आणि उजाडेपर्यंत टक्क जागा राहिला. रात्री झोपायची त्याला सवयच कुठे होती? निकाल वाचून डॉक्टरांनी पुन्हा चष्मा पुसला. दिवसा हा माणूस जागा राहू शकत नाही आणि रात्री झोपू शकत नाही, तेव्हा आता मेंदूचे फोटो काढावे लागतील, असं ते म्हणाले.

बायको इतके दिवस निमूटपणे सगळं सोसत होती. मेंदूचं नाव निघाल्यावर मात्र ती उठली. "मूल यांच्या डोक्यातून व्हायचंय का, डॉक्टर?" तिने शांतपणे विचारलं, आणि नवऱ्याला घेऊन बाहेर पडली.

चौकशीच्या खिडकीतल्या मैत्रिणीने तिला एका वयस्कर डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. या खेपेला आईही बरोबर गेली. बाईंनी पहिले निकाल तेवढे नीट वाचले, बाकीचे बाजूला सारले आणि गप्पा मारायला लागल्या. घरी कोण कोण असतं, स्वयंपाक कोण करतं, भांडणं होतात का.

"नाव नको," आई अभिमानाने म्हणाली. "चार वर्षांत या दोघांचा एकदा आवाज चढलेला नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एकदाही नाही? अहो, भांडायला तरी दोघं एका वेळी घरात जागी असतात ना?"

भट्टीवाल्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने छताकडे. बेकरीला सोमवारी सुट्टी, बसस्थानकावर हिला रविवारी, हे त्याने अडखळत सांगितलं. आईने कपाळावर हात मारून घेतला. घरात कायम एक जण झोपलेला असतो, हे तिला दिसत होतं. पण दोन्ही पोरं कष्टाळू म्हणून ती कौतुकच करत बसली होती.

बाईंनी औषध दिलं नाही की रक्त काढलं नाही. कामाची पाळी बदलून घ्या, एवढंच सांगितलं. 'ही कसली डॉक्टर, साधी जीभसुद्धा बघितली नाही,' असं आई वाटभर पुटपुटत राहिली. पण मालक समजूतदार निघाला आणि त्याने भट्टीवाल्याला दिवसा बिस्किटांवर घेतलं. त्याच आठवड्यात खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं. आईने घाबरून बाईंना फोन लावला.

"छान," बाई म्हणाल्या. "चालू द्या."

काही महिन्यांनी सुनेला उलट्या सुरू झाल्या आणि तिघंही पुन्हा बाईंकडे गेली. बाई हसल्या आणि आता नीट तपासायला हवं म्हणाल्या. भट्टीवाला सवयीने शर्टाची बटणं काढायला लागला.

"तुम्ही नाही हो," बाई म्हणाल्या. "तुमचं काम झालं. बाहेर बसा."

तो बाहेर येऊन आईशेजारी बाकावर बसला. त्याला हायसं वाटलं, आणि का कोण जाणे, जरासं वाईटही वाटलं.

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"मी आता लागत नाही म्हणाल्या."

"नऊ महिने नाही लागत," आई म्हणाली. "तोवर झोपून घे."